पेट्रोल पळतं, डिझेल ओढतं

“ओढायचंय काय ते आधी सांगा, मावशी. मग डिझेल की पेट्रोल ते ठरवू.”

“ट्रेलर,” बाई म्हणाली. साठीची, दणकट बांध्याची. आयुष्यभर शाळेची बस चालवली, हे आल्या आल्या सांगून झालं होतं. “भाचीचा आहे. साडेतीन टन तरी भरेल.”

“साडेतीन टन? भाची आहे की सर्कस?”

“एकुलती एक आहे हो. लाडाची.”

गाड्यांच्या शोरूममधला सेल्समन मनापासून हसला. आज स्वारी खुशीत होती. सकाळीच त्याने बायकोला फोनवर बातमी दिली होती: उद्या वखारवाला येतोय, घराच्या फळ्या सोडवून नेणार. पलीकडून हुंदका ऐकू आला. तो त्याला साखरेसारखा गोड लागला होता.

कधीकाळी सासऱ्याच्या घरी, चार पाहुण्यांच्या पंक्तीत, बायको त्याला ‘आयतोबा’ म्हणाली होती. थट्टेतच म्हणाली. सगळे हसले, हात धुतले, विसरले. याच्या मनात मात्र तो शब्द काट्यासारखा मोडून राहिला, आणि काटा आत राहिला की जागा पिकतेच.

सासरा सुतार; त्याच्यापलीकडे बायकोच्या माहेरचं कुणी हा धड ओळखतही नव्हता. देवाचं नाव घेत रंधा मारायचा. लेकीसाठी अख्खं घर त्याने एकट्याने उभं केलं होतं. खिडकीच्या चौकटीवर वेल कोरलेली, दाराशी दोन पायऱ्या. वाऱ्यात घर जरासं डुलायचं, तेवढ्यावरून जावई त्याच्या कामाला नावं ठेवायचा. म्हातारा अंथरुणाला खिळला तशी लेक सेवेला गेली. बापाचं सगळं आटोपून परत आली, तर दाराला नवं कुलूप.

“घर बाबांनी मला दिलंय,” ती म्हणाली होती.

“दिलं असेल. जागा माझ्या नावावर आहे. तुझं घर तू उचलून ने!”

हा टोला त्याने पुढे मित्रांना इतक्यांदा ऐकवला की त्यांना तो पाठ झाला.

“पेट्रोलची गाडी दिसायला देखणी आहे,” मावशी बॉनेटवर हात फिरवत म्हणाली.

“देखणेपणावर जाऊ नका. पेट्रोल पळतं, डिझेल ओढतं. शर्यत लावायची तर पेट्रोल. भार घेऊन चढ चढायचा, तर डिझेलला तोड नाही.”

“आवाज फार करतं म्हणे.”

“करतं. शेजारी उठतील.”

“दुपारी शेजारी कुणी नसतं तिथं.” मावशीने क्षणभर विचार केला. “ट्रेलर लग्नापासून एका जागी उभा आहे हो. चाकं रुतलीत. माती ओली, वर फाटकापर्यंत चढ.”

आता सेल्समनच्या अंगात वीज आली. माणूस मनाचा कसा का असेना, धंद्यात पक्का होता. “आधी चाकांत हवा भरा. चाकांपुढची माती उकरून फळ्या सरकवा. हिसका द्यायचा नाही. चारही चाकांना ताकद द्यायची, पहिला गिअर, आणि बाळाला पाळण्यातून उचलावं तसं हळूच. आमची ‘ओढून बघा, मग घ्या’ योजना आहे. चला, मीच येतो बरोबर.”

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. बायको आत आली. डोळे सुजलेले. येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

आज हिला मनसोक्त नमवता येणार होतं. हा दिवस सोडून जायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठायचं. “तुम्ही जुन्याजाणत्या चालक, मावशी. तुम्हीच घेऊन जा,” म्हणत त्याने तिचा परवाना ठेवून घेतला, मागचा हुक स्वतः आवळून दिला आणि डिझेलची किल्ली मावशीच्या हातावर ठेवली.

“बाबांचा रंधा तरी दे,” बायको म्हणाली.

“उद्या ये. फळ्यांबरोबर ने.”

“त्यांचा फोटो?”

“बघू.”

“गोधडी?”

एकेक नकार तो चवीने चघळत होता. ती उठत नव्हती, तोही तिला उठवत नव्हता. “मला आयतोबा कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“मग?”

“चुकले.”

“मोठ्याने. कॅशियरला ऐकू गेलं नाही.”

“चुकले,” ती मोठ्याने म्हणाली. कॅशियरने मान खाली घातली. दुपार अशी सरली, आणि आपण इतके सुखात कधी होतो हे त्याला आठवेना.

ऊन उतरता उतरता डिझेल परत आलं. चाकं चिखलाने माखलेली, चिखलाला लाकडाचा भुसा चिकटलेला.

“धुऊन तरी आणायची, मावशी! ओढलं का?”

“ओढलं म्हणजे? तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. पाळण्यातून बाळ उचलावं तसं आलं.”

“मग बुक करू?”

“नको हो. एकदाच ओढायचं होतं.” मावशीने परवाना उचलला. “पण सल्ला लाखमोलाचा दिलात. देव तुमचं भलं करो.”

‘फुकटे कुठले!’ तो पुटपुटला. बायकोही उठली होती. कुठेही निघताना ‘येते’ म्हणायची तिची सवय. आज “जाते” म्हणाली, आणि मावशीसाठी दार धरून तिच्या मागोमाग बाहेर पडली.

शोरूम बंद करून तो शीळ घालत घरी निघाला. नव्या कुलपाची किल्ली बोटाभोवती गरगर फिरत होती. वखारीला वळसा घालून तो आपल्या जागेत शिरला, आणि शीळ ओठांवरच थिजली.

दोन लाकडी पायऱ्या होत्या तिथेच होत्या. त्यांच्यापासून फाटकाबाहेर, चढावर, सासऱ्याने चाकांवर बांधलेल्या घराच्या दोन खोल चाकोऱ्या गेल्या होत्या.