रिकाम्या घराचा विमा

सर्व्हेअरने आडव्या पडलेल्या खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि मान हलवली.

"झाड पोकळ नव्हतं. निरोगी झाड वादळात पडलं, एवढं मी नक्की लिहू शकतो."

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. निलगिरी मुळासकट उपटून घरावर आली होती. मागची खोली पार खाली बसली होती. पुढची भिंत आणि दार तेवढं उभं होतं. काल नगरपालिकेची माणसं लाल पट्टी बांधून गेली. आत कोणी नाही म्हटल्यावर त्यांनीही घाई केली नाही. आधी माणसं अडकलेली घरं, मग हे, असं सांगून ती निघून गेली.

धाकटा फाटकापाशी थोरल्याकडे पाठ करून उभा होता. दोघा भावांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, आणि तेही या झाडापायीच. वडिलांनी लावलेली निलगिरी थोरल्याला तोडायची होती, धाकट्याला ठेवायची होती. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. आता झाडाने आपणहून निकाल लावला होता. वेळीच तोडलं असतं तर, हे वाक्य सकाळपासून थोरल्याच्या जिभेवर येत होतं आणि तो ते गिळत होता.

"आत जाता येईल का?" सर्व्हेअरने विचारलं.

थोरल्याने किल्ली फिरवली, खांदा लावून ढकललं. दार हललं नाही.

"चौकट दबली असेल," धाकटा म्हणाला. अर्थात सर्व्हेअरला.

सर्व्हेअरने खिडकीतून डोकावून पाहिलं. नुसता पाला दिसत होता. तो पायरीवर टेकला. तिथे भिजलेल्या बायकी चपलांचा जोड होता, तो त्याने पायाने बाजूला सरकवला.

"आईच्या आहेत," थोरला म्हणाला. "तिचं निम्मं सामान अजून इथेच पडलंय."

"विमाही आईंच्याच नावावर आहे. त्यांची सही लागेल."

"मिळेल," थोरला म्हणाला.

"मिळेल," धाकटाही म्हणाला.

दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. सहीचं सांगायला थोरला कालपासून आईला फोन लावत होता, ती उचलत नव्हती. घर बदललं की आई दोन-चार दिवस फुरंगटून असायची. नेहमीचंच ते.

"त्या इथेच राहतात ना?"

थोरला घुटमळला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "नाही. एक महिना माझ्याकडे, एक महिना... यांच्याकडे."

सर्व्हेअरने पेन खाली ठेवलं. "अहो, मग घर रिकामंच असतं की. रिकाम्या, बंद घरावर झाड पडलं तर कंपनी काही देत नाही. तशी अटच आहे."

थोरला मटकन पायरीवर बसला. त्याचा छापखाना बुडाला होता, राहतं घर भाड्याचं होतं. हे घर विकायचं, निम्मं धाकट्याला द्यायचं आणि उरलेल्यावर पुन्हा उभं राहायचं, एवढ्या एका आशेवर तो दिवस ढकलत होता. पडकं घर कोण घेणार? सगळं संपलं असं त्याला वाटलं. धाकट्याचेही खांदे पडले होते. फटफजितीत मात्र दोघे सख्खे भाऊ शोभत होते.

"काही तरी करा हो साहेब," थोरला म्हणाला. "हात जोडतो."

सर्व्हेअर वाईट माणूस नव्हता. त्याने जरा विचार केला.

"वादळाच्या दिवशी घर वापरात होतं, एवढं जरी दाखवता आलं तरी मी आजच्या आज शिफारस करतो. परवा कोणी आलं होतं का इथे? झाडलोट करायला वगैरे?"

थोरला ताडकन उठला. "आई आली होती! परवा एक तारीख नव्हती का? मीच तिला सोडलं, सकाळी, आभाळ भरून यायच्या आधी." आनंदाने त्याची जीभ अडखळत होती. "आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाही. म्हणून आईची अदलाबदल इथेच होते. एकाने सकाळी सोडायचं, दुसऱ्याने दुपारी न्यायचं. ती खिडक्या उघडते, केर काढते, मग आतून कडी लावून मागच्या खोलीत आपल्या पलंगावर पडते. म्हणते, दोन घरचा पाहुणा उपाशी, एवढी एक दुपार तेवढी माझ्या घरची. म्हणजे घर वापरात आहे, नाही का? सांगा तुम्हीच!"

"आहे की. बस्स, काम झालं तुमचं." सर्व्हेअरलाही बरं वाटलं. तो भराभर लिहू लागला. "सकाळी तुम्ही सोडलंत. वादळ आलं दुपारी..." त्याने फाटकाकडे मान वळवली. "आणि तुम्ही त्यांना कधी नेलंत?"

धाकटा पायरीवरच्या चपलांकडे पाहत होता. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने थोरल्याकडे तोंड केलं.

"दादा," तो म्हणाला, "वादळाचा इशारा होता. मला वाटलं, तू तिला आणणारच नाहीस. मी आलोच नाही."