मुंगी निघाली...

अर्धांगवायूने आजोबांची वाचा गेली, तेव्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आजीच्या हाती पहिलीच्या मुलांचं यमकांचं चित्रपुस्तक दिलं. ओळ आजीने म्हणायची आणि शेवटचा शब्द आजोबांसाठी सोडायचा.

"हत्ती झोपला खाटेवर, मुंगी निघाली... अहो, सांगा ना! जन्मभर मला बोलू दिलं नाहीत, आता गप्प काय बसलात?"

आजोबा नुसते बघत राहायचे. दिवसभर त्यांचं सगळं करून आजी रोज घसा कोरडा करायची. "एकदा यांचा आवाज ऐकू दे, मग माझा शीण उतरेल," असं सुनेला म्हणायची.

आज ओळ अर्ध्यावर टाकून आजीचाच डोळा लागला. सून दारातूनच ओरडली, "आई, जेवायला चला!"

 

"हळू," आजोबा म्हणाले. "झोपलीय ती."