सुनेला रडवणारा

अँडीजच्या त्या डोंगरगावात होणाऱ्या सुनेची परीक्षा एकच: गाठीगाठींचा 'सुनेला रडवणारा' बटाटा सासूसमोर सोलायचा, गर वाया न घालवता. फोर्तुनाता तिच्या वेळी ढसाढसा रडली होती. हातात बोराएवढा बटाटा उरला होता. आज सासूच्या तोऱ्यात ती चुलीपाशी बसली.

थोरल्याच्या होणाऱ्या बायकोनं, निल्दानं, सुरीला हातही लावला नाही. बटाटा अख्खाच उकडला आणि बोटांनी अलगद साल काढली.

"अगं ए, ही लबाडी झाली!"

"कच्चाच सोल, असं कुठं म्हणालात, सासूबाई?"

फोर्तुनातानं साल उलटसुलट करून पाहिली. गर कणभरही गेला नव्हता. तिनं उठून दार लोटून घेतलं.


"बरं, झालीस पास. पण धाकट्याची होणारी बायको रविवारी येतेय. तिच्यापुढं तोंड उघडलंस तर बघ!"