लाजायचं नाही

इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा नवव्या मजल्यावरच्या त्या घरात दोनच जीव होते: निवृत्त नर्सबाई आणि मागच्या पायांतलं बळ गेलेला त्यांचा म्हातारा कुत्रा, पंत. दुपारपासून पंत दाराशी बसून कण्हत होता. त्याला खाली जायचं होतं आणि एवढं ओझं उचलणं बाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी वॉचमनला फोन लावला.

"लिफ्टवाला उद्या येतोय म्हणे, बाई. मी वर आलो तर गेट कोण बघणार? माझी नोकरी जाईल."

शेजारची दारं ठोठावून झाली. सगळे कामावर गेलेले. शेवटी बाईंनी जुनी चादर अंथरली आणि पंतला कसंबसं तिच्यावर ओढलं.

"इथंच कर रे राजा. मी काही म्हणणार नाही."

पंत थरथरत पुन्हा दाराकडे सरकला.

आयुष्यभर पेशंटना बेडपॅन देताना बाई जे म्हणत आल्या, तेच त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या, "लाजायचं नाही. हे सगळ्यांचंच होतं."

दिवेलागणीला त्याला धरवेना. दारातच ओघळ वाहिला. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या फडकं आणायला आत गेल्या.

परत आल्या, तर पंत जागेवर नव्हता. पिल्लू असताना घरात घाण केली की त्या त्याला कपाटामागच्या कोपऱ्यात बसवत. तिथं तो आपणहून खुरडत गेला होता, भिंतीकडे तोंड करून.