फक्त कुरुळीपर्यंत

गाडी समोर उभी होती आणि अर्जुनरावांचे पाय जागचे हलत नव्हते.

चाकणच्या स्टँडवर पुण्याला जाणारी सकाळची एस.टी. लागली होती. टपावर कांद्याची पोती चढत होती. तोवर कंडक्टर मारुतराव कुणाला आत घेत नव्हता, आणि दाराशी माणसांची दाटी वाढत चालली होती. त्या दाटीकडे नुसतं पाहिलं तरी अर्जुनरावांच्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होई. दार लागेल, पुढं माणसं, मागं माणसं, मध्येच जीव घाबरला तर उतरायचं कसं?

बीडकडून ते बहिणीकडे आले होते. येताना मेहुणा बरोबर होता. त्यानं वाटभर हात धरून ठेवला होता. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथं नोकरी मिळाली होती. आता रोज एकट्यानं जायचं होतं. दोनदा ते स्टँडवरून माघारी गेले. "गाडी भरून गेली," असं त्यांनी बहिणीला सांगितलं. कुसुमताईनं जास्त काही विचारलं नाही. आज निघताना मात्र ती म्हणाली, "दादा, आज हजर झाला न्हाईस तर जागा दुसऱ्याला देतील रे."

ते चिंचेखालच्या दगडी कट्ट्यावर टेकले. शेजारी एक तरणा गडी बसला होता. अंगात खाकी कपडे, घडीसुद्धा मोडली नव्हती. गारव्यातही त्याच्या कपाळावर घाम होता. तळहात मांडीवर घासत होता, ओठ हलत होते. गाडीकडे बघायचा आणि लगेच मान वळवायचा.

अर्जुनरावांनी ते दुखणं ओळखलं. दुसऱ्या कुणात ते आज पहिल्यांदाच पाहत होते.

"पाणी घ्या थोडं," त्यांनी तांब्या पुढं केला. "नोकरीचा पहिलाच दिवस दिसतोय?"

"व्हय. तुमी कसं वळखलं?"

"कपड्यावरनं. माझाबी पहिलाच हाय. छातीत धडधडायलंय ना?"

"पार कानापतूर," गडी म्हणाला. "सगळी माणसं माझ्याकडंच बघत्यात असं वाटतंय."

"कुणी बघत न्हाई. ज्याला त्याला आपली जागा धरायची पडलीय. नाव काय तुमचं?"

"गेनू. चिखलीचा."

"याआधी गाडीत बसला न्हाईत कधी?"

"बसलोय की. पर आजवर शेजारी कुणीतरी जाणतं असायचं. एकट्यानं आजच."

अर्जुनरावांना मेहुण्याचा हात आठवला. ते जरा सरकून बसले.

"हे बघा, पुण्याचं नावच काढू नका. गाडी फक्त कुरुळीपर्यंत जाणार हाय असं धरून चाला. कुरुळी आली की म्हणायचं, आता मोशीचा पूल तेवढा राहिला. पूल गेला की भोसरी. असा एकेक तुकडा तोडायचा."

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या त्यांनी हे स्वतःसाठी ठरवलं होतं. करून बघायची हिंमत मात्र झाली नव्हती.

"फक्त कुरुळीपर्यंत," गेनू पुटपुटला.

"आणि श्वास घ्यायची घाई न्हाई. गरम चहावर फुंकर घालतो ना, तसा हळूहळू सोडायचा. हं, घाला."

दोघांनी फुंकर घातली. मग आणखी एकदा. कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. तिला पाहून गेनू हसला, त्याला पाहून अर्जुनराव. गेनूचे हात आता मांडीवर स्थिर होते.

"आत गेलं की पुढं बसा, खिडकीपाशी. वारा लागतो."

"मला पुढंच बसायचंय."

"मग झालं तर! आणि फारच वाटलं तर डोळे मिटून घ्या. मी तर मिटूनच घेणार हाय."

गेनूनं मान हलवली. "ते मला जमायचं न्हाई."

"बरं, मग लांब बघा, रस्त्यावर. जवळचं बघितलं की गरगरतंय."

"बघंन," गेनू म्हणाला.

"चला, बसून घ्या!" मारुतराव ओरडला.

दोघं उठले. अर्जुनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "येताय ना? पळू नका बरं. मी दोनदा पळालोय."

"न्हाई पळत. तुमी व्हा फुडं, मी आलोच."

दाराशी एकच झुंबड उडाली. कुणाचं कोपर लागलं, कुणी पायावर पाय दिला. पुढच्या बाकावर जाऊन बसल्यावर अर्जुनरावांच्या ध्यानात आलं, की आपण गाडीत आहोत आणि छातीवरचा पाटा नाही. त्यांनी हळूच फुंकर घातली. नुसती बाहेरची चिंच दिसत होती, पण किती छान दिसत होती! संध्याकाळी कुसुमताईला हे सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून धरली. एक बाई आली, तिला नको म्हणाले. धोतरवाले एक गृहस्थ आले, त्यांनाही हात जोडले. गाडी भरली, माणसं उभी राहिली, तरी गेनूचा पत्ता नव्हता. अर्जुनरावांना त्याची काळजी लागली. पोरगा ऐन वेळी कच खाणार!

"ती पिशवी उचला," मारुतराव म्हणाला. "माणसं उभी हायत."

"जरा थांबा हो, माझा सोबती यायचाय," अर्जुनराव सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "लई घाबरट हाय बिचारा. घामानं न्हालाय, गाडीकडं बघवतसुद्धा न्हाई त्याला. मी शेजारी असलो तरच निभावंल त्याचं. तो बघा, आला, गाडीच्या तोंडाशी उभा हाय, तो खाकी कपड्यातला!"

मारुतरावानं खिडकीतून वाकून पाहिलं, आणि घंटीची दोरी हातात धरून तो म्हणाला, "त्याला हितं जागा कशाला धरता, पाव्हणं? आपली गाडी त्योच चालवणार हाय."