फळ्यावरची तारीख

उन्हाची तिरीप खोलीत उतरली की लेक पलंगासमोरच्या फळ्यावर इंग्रजीत तारीख लिहायची. आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. पलंगावरची आई परक्या, गोड नजरेने तिच्याकडे बघत म्हणायची, "या हो, बसा. कोणाकडे आलात?" जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली ही बाई आता जणू ढगातच राहायला गेली होती. देवाचं नाव गुणगुणायची, ते मात्र सुरात.

मग तिची नजर फळ्यावर जायची आणि ढग क्षणभर फाटायचा.

"अगं वेंधळे! दिवस आणि वर्षाच्या मध्ये स्वल्पविराम कोण देणार, तुझा मामा? लहानपणापासून घोकून घेतेय, पण पालथ्या घड्यावर पाणी!"

उठून, लेकीच्या हातातला खडू घेऊन ती स्वल्पविराम द्यायची, लेकीच्या गालावरची खडूची भुकटी पुसायची आणि उशीला टेकायची. नजर पुन्हा हळूहळू विरघळत जायची.

आज सलग तिसऱ्या दिवशी हे सगळं नव्या नर्सने पाहिलं. आई डोळे मिटून पडल्यावर तिने हळूच विचारलं, "रोज तीच चूक, ताई? तुम्ही तर छापखान्यात लोकांच्या चुका शोधता ना?"

लेक नुसती हसली. खडू जागेवर ठेवू लागली.

उत्तर पलंगावरून आलं. डोळे मिटलेलेच होते.

"तिला काही बोलू नका हो. मुद्दाम चुकते ती. ती चुकली, की मला सापडते."