मागच्या काचेची पट्टी

"हात लावायचा नाही, लोर्ना! लांबून बघायचं."

चाळीस वर्षांपूर्वी गॅरेजच्या दारात ऐकलेला बापाचा आवाज लोर्नाच्या कानात अजून होता तसाच होता. या शनिवारी सकाळीही तो ऐकू आला. चर्चमागच्या मैदानात, हौशी लोकांनी मांडलेल्या जुन्या गाड्यांच्या रांगेत तिनं लाल कॉर्व्हेट उभी केली, पुढचं झाकण उघडलं, काचेला 'विकणे आहे'ची पाटी लावली, तेव्हा.

गाड्यांमागे घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत मालक, हातात कॉफीचे कागदी पेले. आपल्या बापाला, क्लाइडलाही, तिनं धरून बसवलं. त्याला आता गाडीचा लाल रंग तेवढा दिसे, कडा दिसत नसत. म्हणून तर विकायची होती. लोर्नानं त्याला ना म्हटलं नव्हतं. मनाशी एकच ठरवलं होतं: ही जुनी गाडी कुणी खपून नव्यानं घडवली, ते बापाच्या तोंडून निघेल, तरच किल्ली आपल्या खिशातून निघेल. आपण होऊन एक शब्द बोलायचा नाही.

कैक हिवाळे ती त्या गॅरेजात राबली होती. गाडीचं फायबरचं अंग घासताना धूळ बाह्यांत शिरायची, हात खाजून लाल व्हायचे. बाप पालथ्या बादलीवर बसून चुका काढायचा. गावात मात्र सगळे म्हणायचे, क्लाइडनं काय गाडी केलीय! आणि क्लाइड मान हलवायचा.

गाडी घ्यायला टोलेडो शहरातून आलेल्या केंटनं गाडीखाली वाकून पाहिलं, इंजिन ऐकलं, आणि मागे येऊन तो थबकलाच. मागच्या काचेचे दोन भाग. मधून छपराची पट्टी माशाच्या कण्यासारखी खाली उतरलेली.

"त्रेसष्ट सालची," तो हळूच म्हणाला. "त्या एकाच साली अशी काच आली. पट्टी मूळचीच ना?"

शेजारच्या खुर्चीतला डेल खो खो हसला. "कसली मूळची! या शहाण्यानं तरुणपणी करवत घेऊन कापली ती. मागचं दिसत नाही म्हणे! अख्खी काच बसवून गावभर मिरवला."

"तेव्हा सगळ्यांनाच ते खूळ होतं," क्लाइड गुरगुरला.

"खूळ सगळ्यांना, करवत तुझ्या हातात! पण गड्यानं म्हातारपणी परत जोडली बरं का. डोळे गेले, हात नाही गेले."

क्लाइडनं पेला ओठांना लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

"किंमत मान्य आहे मला, काका," केंट म्हणाला. "आत्ताच देतो. किल्ली?"

"थांबा जरा," लोर्ना म्हणाली.

"का? काही राहिलंय?"

"राहिलंय."

ती बापाकडे बघत होती. खिशात किल्लीचे दाते तिच्या तळव्यात रुतले होते.

"अगं, देऊन टाक की," डेल म्हणाला. "पुन्हा असं गिऱ्हाईक मिळायचं नाही."

ती हलली नाही.

केंट घोटाळला. पुन्हा पट्टीकडे वळला, डोळे बारीक करून वरून खाली बघत राहिला. "सांधा कुठंच सापडत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला. या मैदानात विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या गाडीला बोट लावत नाही.

"हात लावून बघू का, काका?"

क्लाइडनं पेला गवतात ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो उठला आणि लाल रंगाच्या बाजूला, लेक जिथं उभी असेल तिकडं, त्यानं तोंड वळवलं.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "कापली मी. जोडली हिनं. हात लावायचा तर हिला विचार."